नकटीच्या लग्नाला...

परवा सांगलीहून भाचीचा फोन. तिच्या लेकीला दोन स्थळांनी नाकावरून नकार दिला, म्हणून आता शेंड्याचं ऑपरेशन. नाकाच्या पडद्यातली किंवा कानातली कूर्चा काढून शेंड्याला बसवायची. कमी पडली तर बरगडीची!

मंडळी, नाक घडवण्याची विद्या आपलीच. इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजीचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कारागिराने कपाळाच्या कातडीतून त्याला नवं नाक दिलं. १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ते छापलं.

त्याचं नाक शत्रूने कापलं होतं. या पोरीचं कोणी कापलं? कांदेपोहे खाऊन गेलेल्यांनी!

अपघातात नाक मोडलं, श्वास अडतो, तिथे अवश्य करा. तिला स्वतःलाच हवं असेल तरी माझी हरकत नाही. पण स्थळासाठी? सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं. तोवर हे लोक उंचीत खोट काढतील.

आणि मी तरी कुठला साव? साताऱ्यात वर्षानुवर्षं 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं' फळ्यावर लिहून अर्थ सांगितला. एखादी मुलगी मान खाली घालायची, ते दिसायचं. विघ्न नाकात नसतं, हे मात्र कधी सांगितलं नाही. आज सांगतो.