वर्गणी भरली, पण मेस बंद केली

मुलगी शिकायला वाशिमला, अकोल्याला किंवा अमरावतीला निघाली की घरात खर्चाचा हिशेब मांडला जातो. फी, रूमचे भाडे, मेस, पुस्तके, एसटीचे भाडे. एक खर्च मात्र त्या कागदावर कधीच नसतो. तो म्हणजे मैत्रिणींत टिकून राहण्याचा खर्च. फ्रेशर्सची वर्गणी, ट्रॅडिशनल डेला ग्रुपच्या सारख्या साड्या, रूममधल्या वाढदिवसाचा केक, सहल, सेंड-ऑफ. पोरींच्या भाषेत याला 'कॉन्ट्री' म्हणतात. कोणी तीनशे मागते, कोणी पाचशे.

हा खर्च आरोग्याच्या पानावर कशाला, असे वाचणाऱ्या मायबहिणींना वाटेल. कारण हे पैसे बहुतेक वेळा पोटातून काढले जातात. फी कमी करता येत नाही. घरमालक भाडे सोडत नाही. ज्यात काटछाट केलेली कोणालाच दिसत नाही, असा खर्च एकच, जेवणाचा. मग मुलगी दोन वेळचा डबा एक वेळचा करते. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी समोसा, रात्री डबा. घरून फोन आला की "जेवली का?" याला "हो" म्हणून मोकळी होते.

आकड्यांत पाहू. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात वाशिमसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्याला वर्षाला ४३,००० रुपये धरले आहेत. भोजनाचे २५,०००, निवासाचे १२,००० आणि निर्वाहाचे ६,०००. कॉलेजचे दहा महिने धरले तर जेवणाला दिवसाला साधारण ८३ रुपये पडतात. म्हणजे पाचशेची एक वर्गणी ही सहा दिवसांचे जेवण आहे. त्यात हप्ता उशिरा आला, तर मधले महिने उधारीवर काढावे लागतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. आधीच रक्त कमी, दर महिन्याची पाळी आणि त्यात एक वेळचे जेवण बंद. जिना चढताना धाप, वर्गात झोप, डोळ्यांपुढे अंधारी, केस गळणे, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे ही त्याची लक्षणे. घरचे म्हणतात, पोरगी अभ्यासाने सुकली. ती अभ्यासाने नाही, उपासाने सुकलेली असते.

यावर लोकांचे ठरलेले उत्तर असते, "शिकायला गेली की मौज करायला?" आम्हाला हे उत्तर मान्य नाही. गावाबाहेर एकटी राहणाऱ्या मुलीला मैत्रिणी लागतात. ताप आला तर दवाखान्यात नेणारी, नोट्स देणारी, रात्री सोबत येणारी मैत्रीणच असते. ग्रुपमधून बाहेर पडणे म्हणजे हे सारे गमावणे. आपल्या मुलीच्या बाबतीत त्यात आणखी एक काटा आहे. "पैसे नाहीत" म्हटले की "तुम्हाला तर स्कॉलरशिप मिळते ना?" हा टोमणा येतो. तो ऐकण्यापेक्षा उपाशी राहणे तिला सोपे वाटते. म्हणून तिला रागावून काही होणार नाही. राग तिला खोटे बोलायला शिकवील, जेवायला नाही.

मग वर्गणी कशी असावी? ते आपल्या वस्तीला चांगले ठाऊक आहे. १४ एप्रिलची वर्गणी आपण घरोघर मागतो. कोणी ५० देतो, कोणी ५००. ज्या घरी मजुरी थांबलेली असते, ते घर काहीच देत नाही. पण कमी दिले म्हणून कोणाला मिरवणुकीतून बाहेर काढत नाहीत, की भोजनदानाच्या पंगतीतून उठवत नाहीत. ऐपतीप्रमाणे द्यायचे आणि मान सर्वांना सारखा, ही आपली रीत. हीच रीत आपल्या मुलींनी कॉलेजात न्यावी. ग्रुपमध्ये पहिल्याच महिन्यात सांगावे की आकडा ठरवू नका, डबा ठेवा, ज्याला जमेल ते टाकेल. हे म्हणायला एकीने तोंड उघडले की गप्प बसलेल्या आणखी चौघी निघतात. प्राध्यापकांनीही कार्यक्रमाची वर्गणी सक्तीची होणार नाही, आणि न देणारीचे नाव वर्गात वाचले जाणार नाही, हे पाहावे.

१९४२ च्या जुलैत नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. बाबासाहेबांसमोर आपल्या आज्यांनी तिथे मुलींसाठी सरकारी खर्चाच्या वसतिगृहांची मागणी केली. पोटाची काळजी मिटल्याशिवाय शिक्षण होत नाही, हे त्यांना कळत होते. त्यांच्या नाती उपाशी शिकत असतील, तर ते काम अजून आपल्याकडे बाकी आहे.

घरच्यांनी करायचे ते असे. मेसचे पैसे मुलीच्या हाती न देता महिन्याच्या सुरुवातीलाच मेसवालीला द्यावेत. शंभर-दोनशे रुपये 'मैत्रिणींचे' म्हणून वेगळे, उघडपणे द्यावेत, म्हणजे चोरून पोट मारावे लागणार नाही. वसतिगृहाचा अर्ज आधी, तिथे जागा मिळाली नाही तर स्वाधारचा, दोन्ही वेळेत समाजकल्याण कार्यालयाकडे भरावेत. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हेही पाहावे.

विहारातल्या महिला मंडळांनी आपल्या भिशीतून थोडी रक्कम बाजूला ठेवावी. स्वाधारचा हप्ता येईपर्यंत मेसपुरते बिनव्याजी पैसे द्यावेत, हप्ता आला की परत घ्यावेत. नावाचा गवगवा करू नये.

मुलींनी वर्षातून एकदा तरी हिमोग्लोबिन तपासावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी म्हणजे रक्त कमी, ८ पेक्षा कमी म्हणजे दवाखान्यात लगेच जायचे. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आढळतो, म्हणून तीही चाचणी करून घ्यावी. सिकलसेलचा आजार निघाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. रूमवर फुटाणे, शेंगदाणे, गूळ ठेवावा. मोड आलेली मटकी, अंडी, सुकट, शेवग्याचा पाला खावा, वर लिंबू पिळावे. जेवणाला लागून चहा घेऊ नये, तो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी येतील. तेव्हा निकालाआधी एवढेच विचारा, "मेस किती वेळची लावली आहे?" आणि उत्तर काहीही आले, तरी रागावू नका.