विश्लेषण : मेकॅनिकल इंजिनीअर ‘क्लाऊड’कडे का वळतात? अडते कुठे?

चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलेला मेकॅनिकलचा पदवीधर दोन-तीन वर्षांत हिंजवडीकडे बघू लागतो, हे पुण्याला नवे नाही. पूर्वी ही मंडळी सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास लावत. आता त्यांच्या तोंडी क्लाऊड आणि डेव्हऑप्स असते.

हे नेमके आहे काय?

क्लाऊड म्हणजे स्वतःचे सर्व्हर विकत न घेता दुसऱ्याचे भाड्याने वापरणे. नाव ढगाचे असले तरी हे सर्व्हर जमिनीवरच असतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, तर अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. डेव्हऑप्स हा शब्द २००९ मध्ये बेल्जियममधील गेंट शहरातल्या परिषदेतून रूढ झाला. सॉफ्टवेअर लिहिणारे आणि ते चालते ठेवणारे यांनी एकत्र काम करावे, आणि चाचणीपासून ग्राहकापर्यंतचा प्रवास शक्य तितका आपोआप व्हावा, ही त्यामागची कल्पना.

मेकॅनिकलचे शिक्षण वाया जाते?

उलट, डेव्हऑप्सचे बरेचसे विचारधन कारखान्यातूनच आले आहे. कानबान बोर्ड टोयोटाचा. दोष दिसताच कामगाराने दोरी ओढून असेंब्ली लाइन थांबवायची, ही पद्धतही तिथलीच. आज चाचणीत एक त्रुटी सापडली की सॉफ्टवेअरची ‘पाइपलाइन’ तशीच थांबते. डेव्हऑप्सवाल्यांची आवडती ‘द फिनिक्स प्रोजेक्ट’ (२०१३) ही कादंबरी एलियाहू गोल्डरॅट यांच्या ‘द गोल’ (१९८४) या कादंबरीच्या धर्तीवर लिहिलेली आहे आणि ‘द गोल’ घडते कारखान्यात. ब्रेकडाऊननंतर मशीन किती वेळात पूर्ववत झाले, हा मेंटेनन्स विभागाचा हिशेब सर्व्हरलाही लागू होतो. रात्रपाळीत बंद पडलेले मशीन ज्याने शांत डोक्याने सुरू केले आहे, त्याला रात्री दोनचा अलर्ट नवा वाटणार नाही.

मग अडते कुठे?

पाया कच्चा असतो तिथे. लिनक्स, नेटवर्किंग आणि थोडे पायथॉन येण्याआधीच कुबर्नेटिसचा व्हिडीओ लावला जातो. सर्टिफिकेट मिळते, पण मुलाखतीत ‘वेबसाइट उघडत नाही, आधी काय तपासाल?’ असे विचारले की गाडी अडते. शिवाय डेव्हऑप्समध्ये फ्रेशर घ्यायला कंपन्या फारशा राजी नसतात, आणि कारखान्यातली तीन वर्षे अनेकदा धरलीच जात नाहीत. पगार काही काळ घटू शकतो. घरच्या कर्जाचा हप्ता भरणाऱ्याने हे आधीच धरून चालावे.

खोट्या अनुभवाचे काय?

‘शंभर टक्के नोकरी’च्या जाहिरातींमागे काही ठिकाणी बनावट अनुभवपत्रे पुरवण्याचा धंदा चालतो. त्या वाटेला जाऊच नये. पीएफच्या नोंदींवरून आधी कुठे, किती काळ काम केले हे कंपन्या पडताळतात आणि रुजू झाल्यावरही नोकरी जाऊ शकते.

राजीनामा आधी द्यावा का?

नाही. कारखान्यातच आता मशीनचा डेटा, एसएपी, उत्पादनाचे डॅशबोर्ड असतात. तिथल्या आयटी विभागाला एखादे कंटाळवाणे काम स्क्रिप्टने करून दिले, तर तो खरा अनुभव ठरतो आणि मुलाखतीत छातीठोकपणे सांगता येतो. सरावासाठी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकता येते. क्लाऊड कंपन्यांची मर्यादित मोफत खातीही असतात. फक्त सराव संपल्यावर सर्व्हर बंद करायला विसरू नये. मोफत मर्यादा ओलांडली की बिल येऊ शकते.