नेटवर्क अडले की गाडी अडते

कापडाच्या धंद्यात संगणक शिरला तो हिशोबाच्या वहीच्या जागी. सुरुवातीला तो बंद पडला तरी मुनीम वही उघडून बसत असे आणि माल रवाना होत असे. आता ती सोय राहिलेली नाही. पन्नास हजार रुपयांवरचा माल परराज्यात पाठवायचा तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागते. ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर आहे, त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून बिलसुद्धा सरकारी पोर्टलवर नोंदवून त्याचा क्रमांक घ्यावा लागतो. कोणी म्हणेल, मोबाइलवरून काढा. एखाद-दुसरे बिल निघेलही. पण गोदामातला साठा, बारकोडची यंत्रे, कॅमेरे, कामगारांची हजेरी, प्रोसेस हाऊसमधून येणारा रंगाचा हिशोब, हे सगळे एकाच तारेवर चालते. ती तार अडली की गाडी दारात उभी राहते, आणि ट्रान्सपोर्टवाला थांबल्याचे भाडे लावतो.

अशा वेळी आपले व्यापारी बांधव काय करतात? कॉम्प्युटरवाल्याला फोन करतात. तो दुसऱ्या गावी असतो. त्याला पहिल्यांदा नेटवर्कमधूनच आत शिरून पाहायचे असते, पण नेटवर्क तर बंद. मग तो मोटारसायकलवर येतो, एक निळी वायर लॅपटॉपला आणि पेटीला लावतो, दहा मिनिटे टाइप करतो आणि काम झाले म्हणतो. आमच्या पाहण्यातील भिवंडीच्या एका गोदामात राउटरचे नवे सॉफ्टवेअर चढवल्यावर तो पुन्हा उठलाच नाही. माणूस मुंबईहून निघाला दुपारी, पोहोचला रात्री. काम दहा मिनिटांचे होते. मालकाने पैसे दिले ते त्या दहा मिनिटांचे नव्हे, रस्त्याचे दिले.

आमचे म्हणणे एवढेच आहे की ती निळी वायर कायमची लावून ठेवता येते. तिला लांबून हात लावता येतो. ज्या पेटीमुळे हे होते तिला कन्सोल सर्व्हर म्हणतात. मोठ्या कंपन्या, बँका आणि टेलिफोनवाले ही सोय वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. आपल्याकडे तिचे नावसुद्धा कोणी घेत नाही, कारण जो ती विकू शकतो तोच फेऱ्यांचे पैसे घेतो.

थोडे समजून घेऊ. चांगल्या प्रतीचा स्विच, राउटर किंवा फायरवॉल घेतला की त्यावर कन्सोल असे लिहिलेले एक भोक असते. दिसायला नेटवर्कच्या भोकासारखेच, पुष्कळदा फिक्या निळ्या रंगाचे. त्यातून नेटवर्क जात नाही. त्यातून फक्त अक्षरे जातात, एकामागून एक. ही रीत आरएस-२३२ या नावाने १९६० साली अमेरिकेत ठरली, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या जन्माआधी. तीन तारांत काम होते : एक पाठवायची, एक घ्यायची आणि एक जमिनीची. तिचा मोठा गुण असा की तिला पत्ता, इंटरनेट, पासवर्डचा सर्व्हर असे काहीही लागत नाही. यंत्र वीज मिळताच जे पहिले शब्द बोलते ते तिथेच बोलते. सॉफ्टवेअर बिघडले, चुकीचा आकडा भरला गेला, सगळे भोके बंद झाली, तरी हे एक दार उघडे असते.

या दाराची किंमत मोठ्यांना कशी मोजावी लागली ते पाहा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या हुकमाने त्यांचे स्वतःचे जाळे तुटले. कंपनीने नंतर सांगितले की अडचणीसाठी ठेवलेली वेगळी वाटही त्याच वेळी चालत नव्हती, म्हणून माणसे प्रत्यक्ष डेटा सेंटरवर पाठवावी लागली. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स या टेलिफोन कंपनीचे जाळे कोसळले आणि १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहक तुटले. तिथे दुरुस्तीची वाट ही मुख्य जाळ्यावरच अवलंबून होती. घर जळत असताना पाण्याचा नळ त्याच घरात, असा प्रकार. एवढ्या पैशाच्या कंपन्यांचे हे होते, तर आपल्या गोदामाचे काय होईल ते सांगायला नको.

म्हणून पहिली गोष्ट ही की कन्सोल सर्व्हर घेतला आणि तो त्याच स्विचमधून इंटरनेट घेत असेल तर तो निम्माच कामाचा. स्विच बंद झाला की तोही मुका. त्याला स्वतःची वाट हवी. आपल्या ऐपतीला परवडणारी वाट म्हणजे वेगळ्या कंपनीचे ४जी सिम. इथे एक खोच आहे, ती बहुतेक कॉम्प्युटरवाले सांगत नाहीत. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून त्या सिमला हाक मारता येत नाही. पेटीनेच आपण होऊन बाहेर एक बंद बोगदा उघडून ठेवायचा असतो; वायरगार्ड हे त्यासाठी मोफत आणि चांगले साधन आहे. शिवाय सिमचा रिचार्ज. सहा महिने कोणी पाहिले नाही, आणि गरज पडली त्या दिवशी सिम मेलेले, असे होऊ देऊ नये. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी मुख्य लाइन मुद्दाम काढून सिमवरून आत जाऊन पाहावे. विजेचेही तसेच. पेटीला वीज त्याच स्विचच्या तारेतून दिली तर दोघे एकदमच मरतात. तिला यूपीएसवर स्वतंत्र जागा द्यावी.

पेटी कोणती? ओपनगिअर, लॅनट्रॉनिक्स, डिजी, अव्होसेंट यांच्या तयार पेट्या मिळतात. चांगल्या आहेत, पण आपल्या पाच-सहा यंत्रांसाठी महाग पडतात. जुन्या बाजारात सिस्कोचा २५११ कधीकधी दिसतो, सोळा तोंडांचा. शिकायला उत्तम, पण कामावर लावू नये. तो फार जुना झाला आहे. आमची पसंती साध्या योजनेला आहे. २०१२ साली विक्रीला आलेला रास्पबेरी पाय हा हाताच्या पंजाएवढा संगणक, त्याला चार-आठ यूएसबी-सिरियल वायरी, आणि सेरटूनेट किंवा कॉन्सर्व्हर हे मोफत सॉफ्टवेअर. यापैकी कॉन्सर्व्हरचा जन्म अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात झाला. त्यात एकाच कन्सोलवर अनेक जण पाहू शकतात, लिहितो मात्र एक जण. मालक घरी बसून पाहतो आहे आणि कारागीर टाइप करतो आहे, असे होऊ शकते. ही गोष्ट आम्हाला फार आवडली.

वायर घेताना मात्र कापड घेतो तशी पारख करावी. बाजारात नकली चिपची वायर भरपूर आहे. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये एफटीडीआय कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. ज्यांनी स्वस्त घेतली होती त्यांच्या वायरी एका रात्रीत निकामी झाल्या. गिऱ्हाईकाला ठाऊकही नव्हते की आपला माल नकली आहे. कंपनीने तसे करावे की नाही हा वेगळा वाद आहे, आणि आमच्या मते तिने गिऱ्हाईकाला शिक्षा द्यायला नको होती. पण आपण सुताचा काउंट तपासून घेतो, तर वायर का तपासू नये? दुसरे, पायच्या अंगावरच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. आरएस-२३२ चे व्होल्टेज त्याहून खूप जास्त आणि उणेसुद्धा असते. ते सरळ त्या पिनांना जोडले तर पाय जळतो. मधे बदलणारी वायर हवीच.

जोडल्यावर आकडे जुळवायचे. सिस्कोचा वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, थांबा एक. मायक्रोटिकच्या राउटरला ११५२०० लागतो. वेग चुकला की पडद्यावर कचरा दिसतो. ती पेटीची खराबी नव्हे. एकच पिन रचना सगळ्यांना चालते असेही नाही, म्हणून प्रत्येक यंत्राची वायर वेगळी तपासून तिच्यावर चिठ्ठी लावावी. यूएसबी वायरींचा एक उपद्रव असा की वीज जाऊन आली की त्यांचे क्रम बदलतात. काल पहिली होती ती आज तिसरी. कारागीर समजतो फायरवॉल आणि टाइप करतो स्विचवर. यासाठी प्रत्येक वायरीला तिच्या अनुक्रमांकावरून कायमचे नाव द्यायचे असते, आणि स्वस्त वायरींना अनुक्रमांकच नसेल तर ती कोणत्या भोकात आहे त्यावरून. हे काम अर्ध्या तासाचे आहे, पण ते न करता पेटी सोपवणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नयेत.

आता ज्यावर आम्हाला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते : किल्ली. कन्सोल म्हणजे तिजोरीचे मागचे दार. त्यातून पासवर्डसुद्धा नवा घालता येतो. अशी पेटी उघड्या इंटरनेटवर ठेवणे म्हणजे गल्ल्याची किल्ली चौकात टांगणे. टेलनेट बंद करावे, एसएसएच ठेवावे, तेही बोगद्याच्या आतूनच. प्रत्येक माणसाला त्याच्या नावाचे खाते द्यावे. ‘ॲडमिन’ या एका नावाने सगळ्यांनी शिरायचे ही पद्धत चालू देऊ नये. सिस्कोवर कोणी काही न करता दहा मिनिटे बसला तर यंत्र त्याला बाहेर काढते. काही कारागीर सोयीसाठी ही मुदत काढून टाकतात. मग एकाने उघडे सोडलेले दार दुसऱ्याला मिळते. मुदत राहू द्यावी.

आणि पेटीत जे जे उमटते ते नोंदले गेले पाहिजे. यंत्र कधी बंद झाले, कोणी काय टाइप केले, वीज गेली की कोणी बटण दाबले, सगळे तिथे दिसते. भांडणात हा कागद कामाला येतो. मात्र वेळ बरोबर हवी. जुन्या पायमध्ये स्वतःचे घड्याळ नाही. नेटवर्क नसताना तो उठला तर चुकीची तारीख लिहितो. छोटी बॅटरीवाली घड्याळाची चिप मिळते, ती लावून घ्यावी.

आपल्या कित्येक दुकानांत आणि कारखान्यांत हे सगळे पासवर्ड फक्त एका बाहेरच्या माणसाकडे आहेत. तो इमानदार असेल, तरी तो आजारी पडतो, परदेशी जातो, पैशावरून रुसतो. मालकाला स्वतःच्या स्विचचा पासवर्ड मागावा लागतो आणि समोरचा उद्या देतो म्हणतो. हे आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. गोदामाची चावी भाडेकरूकडे ठेवून मालक फुटपाथवर बसावा तशी ही गत.

सर्वांनाच ही पेटी हवी असे आम्ही म्हणत नाही. एक दुकान, टेलिफोन कंपनीने दिलेला राउटर आणि साधा स्विच एवढेच असेल तर त्यावर कन्सोलचे भोक बहुधा नसतेच. त्यांनी एक जादा राउटर डब्यात ठेवावा, पुरे. पण ज्यांचे दुकान एका गावी आणि गोदाम दुसऱ्या गावी आहे, ज्यांच्याकडे फायरवॉल आणि दोन-चार मोठे स्विच आहेत, त्यांनी विचार करावा.

हे सांभाळणार कोण, असा प्रश्न येईल. आमचे उत्तर, घरातली पोरे. पडद्यावर सगळे इंग्रजीत येते म्हणून उर्दू किंवा मराठी शाळेत शिकलेला मुलगा बिचकतो. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो, त्याची धास्ती आम्हाला कळते. पण रोज लागणारे शब्द चाळीस-पन्नासच असतात. मागावर बसणारा मुलगा याहून जास्त नावे तोंडपाठ ठेवतो. डिप्लोमा किंवा आयटीआय करून बसलेला भाचा-पुतण्या असेल तर त्याला एक जुना स्विच आणि एक वायर आणून द्यावी, आणि तो स्विच दहा वेळा बिघडवून दहा वेळा उठवायला सांगावे. कामाच्या पेटीवर हात ठेवायची पाळी त्यानंतर.

देखभालीचे करार बहुतेक ठिकाणी मार्चअखेर नवे होतात. या वेळी सही करण्याआधी तीन गोष्टी कागदावर मागून घ्याव्यात : सगळ्या यंत्रांच्या पासवर्डची बंद पाकिटातली यादी, प्रत्येक कन्सोल वायरीचे नाव आणि वेग, आणि सिमवरून आत शिरून दाखवल्याची तारीख. तिसरी गोष्ट तोंडी कबूल करू नये. आपल्या समोर लाइन काढून दाखवायला लावावे.