शाळा सुटल्यावर पुढे काय?

उचगाव म्हटले की आपल्याला बेळगावजवळचे, मळेकरणी देवीचे आणि साहित्य संमेलनाचे उचगाव आठवते. याच नावाचे दुसरे गाव कोल्हापूरला लागून आहे. तिथे 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' या संस्थेची समर्थ विद्यामंदिर ही शाळा आणि अपंग मुलांचे वसतिगृह आहे. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली सहकाऱ्यांसह ही संस्था उभी केली. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवर, आणि नोकरी केंद्रीय अबकारी खात्यात, म्हणजे आम्हा सरकारी नोकरांच्याच जगातली!

मला महत्त्वाचे वाटते ते हे, की संस्था शाळेपाशी थांबली नाही. सिंधुदुर्गात 'स्वप्ननगरी' उभारून तिने काजूप्रक्रियेतून अपंगांच्या हाताला काम दिले.

२०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण दिले, सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखल्या. पण शाळा आणि नोकरी यांच्यामधला रस्ता कोणी बांधायचा? एकट्याने बस पकडणे, सुटे पैसे मोजून घेणे, बँकेत सही करणे, नको तिथे 'नाही' म्हणणे, हे चौदाव्या वर्षापासूनच शिकवायला हवे. स्नेहसंमेलनातल्या टाळ्यांनी पोट भरत नाही.

"आमच्या मागे याचे कसे होणार?" हा आईबापांचा प्रश्न आहे. म्हणून विशेष शाळेत गेलात तर निकाल विचारू नका. दहा वर्षांपूर्वीची मुले आज काय करतात, तेवढे विचारा.