गिधाड ही शिवी नव्हे
लाचखोरांना ‘गिधाडं’ म्हणायची आपल्या लेखकांना भारी हौस. माझी त्याला हरकत आहे. गिधाड मेलेलं जनावर खाऊन गाव स्वच्छ ठेवतं. गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक मढ्यातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे संशोधकांनी २००४ साली दाखवलं. भारतात गुरांसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली. तोवर तीन जातींची ९० टक्क्यांहून अधिक गिधाडं संपली होती. मढी कुजली, पाणी नासलं, कुत्री वाढली. २०२४च्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार, २००० ते २००५ या काळात त्यापायी सुमारे ५ लाख जादा माणसं दगावली. तरी हा प्रश्न आपण पक्षीप्रेमींवर सोडतो! लेखकांनो, लाचखोरांसाठी दुसरा शब्द शोधा.