पहिली गाडी कोणती घ्यावी?

लेकीला लायसन्स मिळालं आणि घरात गाडीची चर्चा रंगली. तिचे मामू म्हणाले, "घ्यायचीच तर नवी, मोठी घ्या." आम्हाला ते पटलं नाही. नवशिक्या हातून पहिल्या वर्षी ओरखडे, पोचे यायचेच. म्हणून छोटी, वापरलेली गाडी शोधू लागलो.

2014 ची एक चकाचक गाडी मिळत होती. साठ हजार वाचत होते, पण तिला ना एबीएस, ना एअरबॅग. आमचं मन डळमळलं. तेव्हा लेकीची अम्मी म्हणाली, "अचानक ब्रेक लावायची वेळ तिच्यावरच जास्त येणार ना?" आम्ही बयाणा न देताच परतलो.

एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस, जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग आणि 2022 पासून शेजारच्या सीटचीही एअरबॅग सक्तीची झाली. म्हणून गाडी घेताना आधी तयार झाल्याचं साल पाहा, रंग नंतर. ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या. आरसी आणि विमा आपल्या नावावर करून घ्या. आणि सुरुवातीचे काही महिने लेकीच्या शेजारी बसा, न ओरडता!