बुरशी कोणती, विषाणू कोणता? घरच्या बी.एस्सी.वाल्याला विचारा!

वाडीहून अमरावती रोडने नागपुरात जाताना काही किलोमीटरच्या आत तीन मोठ्या पाट्या लागतात. एक केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची, दुसरी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोची आणि तिसरी विद्यापीठाच्या परिसराची. कोंढाळीकडचा संत्रा, बाजारगावकडचा भाजीपाला, दुधाच्या कॅन आणि कॉलेजात जाणारी पोरे, सारे याच रस्त्याने शहराकडे जाते. या फाटकांच्या आतले शास्त्र मात्र उलट दिशेने गावाकडे यायला वर्षानुवर्षे लागतात. रस्ता तोच, पण एकेरी!

आता त्यात एक बदल झाला आहे. तुमच्या गावातली जी पोरेपोरी बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘मायक्रो’, घेऊन शिकतात, त्यांच्या मोबाईलवर या विषयाची जगभरची पुस्तके, व्याख्याने आणि ताज्या बातम्या फुकट येऊ लागल्या आहेत. “पोट्टा दिवसभर मोबाईलच घेऊन बसते” ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि ती पुष्कळशी खरीही आहे. पण त्याच मोबाईलमध्ये तुमच्या सोयाबीनच्या, संत्र्याच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या कामाचे काय आहे, हे कुणी विचारत नाही. पोरगा सांगत नाही आणि बापही विचारत नाही.

२०२३ चे सोयाबीन आठवा

विचारले नाही तर काय होते, हे २०२३ च्या खरिपात दिसले. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबरात पाऊस आला आणि नागपूर, वर्धा, चंद्रपूरकडे उभे सोयाबीन पाहता पाहता पिवळे पडून वाळले. गावोगाव एकच शब्द झाला, “व्हायरस आला.” पण वावरात एकाच वेळी दोन वेगवेगळी दुखणी होती. एक पिवळा मोझॅक. हा विषाणू, आणि तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. दुसरे मूळकूज आणि खोडकूज. त्या बुरशी. जमिनीत आधीच असतात आणि पाण्याच्या ताणाने कमजोर झालेल्या झाडावर चढतात.

हा फरक पुस्तकी नाही. बुरशीनाशक विषाणूला काहीच करीत नाही. मोझॅकवर बुरशीनाशकाचा पंप मारला तर पैसा गेला, मजुरी गेली आणि पांढरी माशी तशीच राहिली. तिथे रोगट झाडे सुरुवातीलाच उपटायची, पिवळे चिकट सापळे लावायचे आणि माशीचा बंदोबस्त करायचा असतो. मूळकुजीचा इलाज पेरणीच्या आधी, बीजप्रक्रियेत आणि पाण्याच्या निचऱ्यात आहे. उभे पीक कोलमडल्यावर फवारून फार काही हाती लागत नाही. विषाणू, जिवाणू आणि बुरशी यांतला फरक हा सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा पहिला धडा आहे. तो धडा ज्या घरात पाठ होत होता, त्या घरातही कृषी सेवा केंद्रवाल्याने काढून दिलेल्या बाटल्याच आल्या.

दुकानदाराला दोष देऊन भागत नाही. माल विकणे हा त्याचा धंदा आहे. आपल्या घरातला जाणता मात्र गप्प बसला, ही चिंतेची बाब आहे.

मोबाईलमध्ये आहे तरी काय?

देशातल्या आयआयटी आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून २००३ मध्ये ‘एनपीटीईएल’ सुरू केले. त्यावर प्राध्यापकांची व्याख्याने कुणालाही फुकट पाहता येतात. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार कॉलेजने मान्य केले, तर एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून पुरे करता येतात. अमेरिकेतल्या राईस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ने २०१६ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचे जाडजूड पाठ्यपुस्तक काढले. तेही मोबाईलवर फुकट उतरवून घेता येते. असल्या पुस्तकासाठी पूर्वी शहरातल्या ग्रंथालयात नंबर लावावा लागे आणि दोन प्रतींवर सारा वर्ग वर्षभर काढी. कोंढाळीचा विद्यार्थी आणि मुंबईचा विद्यार्थी यांच्यातले हे अंतर खरोखर मिटले आहे.

पण दोन अडचणी आहेत. पहिली भाषेची. यातले बहुतेक सारे इंग्रजीत आहे. मराठीत विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी पाया घातलेला हा ग्रंथ आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतो आणि त्यातल्या विज्ञानाच्या नोंदी नेटक्या आहेत. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हे काम करते आहे. तरीही रोजची नवी बातमी मराठीत, आणि तीही शेतकऱ्याला समजेल अशी, फार थोडी मिळते. जी मिळते तिच्यात खरे-खोटे कालवलेले असते. ‘एका बाटलीत जमीन जिवंत’ असे सांगणारा व्हिडीओ गावाच्या ग्रुपवर दहा वेळा फिरतो. त्यातल्या जिवाणूचे नाव विचारा, ते कुणालाच ठाऊक नसते.

दुसरी अडचण अशी की हे ज्ञान विद्यार्थी परीक्षेपुरते घेतो. ‘रायझोबियम’ची व्याख्या त्याला तोंडपाठ असते, आणि त्याच्याच घरच्या कोठीत रायझोबियमचे पाकीट गेल्या सालापासून उन्हाच्या झरोक्याखाली पडलेले असते. ते जिवाणू कधीच मेलेले असतात.

पाकिटावरचे आकडे वाचा

जिवाणू खत हे युरियासारखे नाही. ती जिवंत वस्तू आहे. २००६ पासून ही खते खत नियंत्रण आदेशाखाली आली. त्यानुसार भुकटीच्या रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर यांसारख्या खतांत एका ग्रॅममध्ये निदान ५ कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात आणि द्रवरूप खतात एका मिलिलिटरमध्ये १० कोटी. पाकिटावर पिकाचे नाव, बनवल्याची तारीख आणि वापरायची शेवटची तारीख पाहिली पाहिजे. सोयाबीनचे पाकीट हरभऱ्याला चालत नाही, कारण दोघांच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू वेगळे. बुरशीनाशक लावायचे तर ते आधी. जिवाणू सर्वांत शेवटी, बियाणे सावलीत सुकवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे. उलटे केले तर आपल्याच हाताने आपण विकत घेतलेले जिवाणू मारतो. पोराला हे पाकीट हातात देऊन “हे खरं आहे का, वाचून सांग” म्हणा. परीक्षेत विचारणार नाहीत असा हा प्रश्न आहे, पण पीक विचारते.

संत्र्याचेही तसेच. डिंक्या हा फायटोफ्थोरा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होतो. पुस्तकात त्याला आता खरी बुरशीही म्हणत नाहीत, पण तो वाद राहू द्या. आपल्या कामाचे एवढेच की त्याचे बीज पाण्यात पोहते. म्हणून बुंध्याला पाणी लागू न देणारे दुहेरी आळे, जमिनीपासून उंच डोळा भरलेले कलम आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्याला बोर्डो मलम (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) हे सांगितले जाते. पोहणाऱ्या बीजाची गोष्ट एकदा समजली की मोकाट पाणी देणारा माणूस आपोआप हात आखडता घेतो. नुसते ‘असे करा’ म्हटले तर ऐकणारे थोडेच.

नीरीचे उदाहरण

शास्त्र दाबून न ठेवता वाटले तर काय होते, याचा दाखला नागपुरातच आहे. कोरोनाच्या काळात २०२१ मध्ये नीरीचे शास्त्रज्ञ डॉ. कृष्णा खैरनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून आरटीपीसीआर तपासणी करण्याची पद्धत काढली. नाकात काडी घालणे नको, नमुना घ्यायला खास शिकलेला माणूस नको. आयसीएमआरने तिला मान्यता दिली आणि त्याच वर्षी नीरीने ही माहिती सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाकडे सोपवली, म्हणजे छोट्या उद्योगांना ती वापरता यावी. खेड्यातल्या आरोग्य केंद्राचा विचार त्या पद्धतीत पहिल्यापासून होता, ही मला तिच्यातली मोठी गोष्ट वाटते.

पाण्याचे काम गावातच

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (जुन्या ओळखीने ग्रामसेवकच) यांनी पुढचे जरा सावकाश वाचावे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे शिक्षण देऊन संच द्यायचे ठरले आहे. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय अजिबात नसावा, हे भारतीय मानक आहे. एचटूएसची बाटली तुम्ही पाहिलीच असेल. पाणी भरून ठेवले आणि एक-दोन दिवसांत ते काळे पडले, की विष्ठेतल्या जिवाणूंचा संशय. काळे का पडते, पडले नाही तर पाणी नक्कीच शुद्ध का म्हणता येत नाही, आणि टीसीएल पावडर उघडी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून नुसता चुना का उरतो, हे त्या पाच महिलांना कुणी मराठीत समजावून दिले आहे? गावात ‘मायक्रो’ शिकणारी एक मुलगी असेल, तर तिचे हे दोन तासांचे काम आहे.

पंचायतीने करण्यासारखे फार नाही. गावातल्या विज्ञान शाखेच्या मुलामुलींची यादी करावी. पंचायतीत भारतनेटची तार आली असेल आणि चालू असेल (हे दुसरे वाक्य महत्त्वाचे), तर संध्याकाळी दोन तास एक खोली त्यांना उघडून द्यावी. बदल्यात महिन्यातून एकदा त्यांनी एक बातमी किंवा एक धडा मराठीत कागदावर उतरवून फळ्यावर लावावा. फळ्यावर लावण्यापूर्वी तो सहायक कृषी अधिकाऱ्याने किंवा कॉलेजच्या सरांनी वाचावा. वाडी पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगरपरिषद आहे. तिथेही वस्त्यांत हे जमण्यासारखे आहे. याच अमरावती रोडवरच्या सातनवरीला ऑगस्ट २०२५ मध्ये देशातले पहिले ‘स्मार्ट आणि इंटेलिजंट’ गाव म्हणून मान मिळाला. तिथे यंत्रे आली, संवेदक आले. ती यंत्रे काय सांगतात हे गावच्या भाषेत सांगणारा माणूस मात्र प्रत्येक गावाला आपल्यातूनच उभा करावा लागेल.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. बी.एस्सी.चा विद्यार्थी म्हणजे पीकरोगतज्ज्ञ नव्हे आणि डॉक्टर तर नव्हेच. त्याच्याकडून औषधाचे नाव लिहून घेऊ नका. त्याने दुखणे कोणत्या जातीचे असू शकते ते सांगावे, आणि नमुना नीट घेऊन योग्य ठिकाणी पोचवावा, इतकेच. संत्र्याच्या मुळाचा नमुना म्हणजे पसाऱ्याखालची बारीक तंतुमुळे मातीसकट, प्लास्टिकच्या पिशवीत, न वाळवता. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, शक्यतो त्याच दिवशी. चुकीचा नमुना नेला तर चांगली प्रयोगशाळाही चुकीचेच उत्तर देते. लिंबूवर्गीय संस्था वाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथे नमुना घेऊन जायला तुमच्या पोराला रोजच्या बसपेक्षा वेगळी बसही लागत नाही.

मृगाच्या आधी घरातले जिवाणू खताचे पाकीट काढून तारीख पाहा.